जैनबी शिकलगारीण

फार वर्षांपूर्वी, तांबखडीला लहानसं संस्थान होतं आणि संस्थानाला सिलेखाना होता, त्या काळची ही गोष्ट. सिलेखान्यातल्या तलवारी-बंदुका घासून लखलखीत करायचं काम बाबालाल शिकलगाराकडे होतं. बाबालाल वारला आणि त्याच्या जागी त्याची बायको जैनबी येऊन बसली. सिलेखान्याच्या दारोग्याच्या पोटात दुखलं. त्याला तिथं आपला मेहुणा बसवायचा होता.

"बाईचा हात भाकरीला बरा," तो म्हणाला. "खंडेनवमीला राजेसाहेबांची नवी बंदूक पूजेला मांडायची आहे. नळीवर एक डाग निघाला, तर जागा सोडायची."

जैनबी मनातून घाबरली, पण मागं हटली नाही. नवऱ्याइतकीच ती जागा तिचीही होती. तीस वर्षं त्याच्या शेजारी बसून तिनंही घासलं होतं. कुरुंदाची पूड, तेल आणि कातडं घेऊन ती बसली. एकाच दिशेनं, एकाच लयीत, एकवीस दिवस. असं म्हणतात, की नळी अशी चमकली की साळुंक्या येऊन स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडू लागल्या. डोंगरावरच्या गुराख्यांना वाटलं, गावात दुसरा सूर्य उगवला.

आता नळीवर निळाई चढवायची होती, म्हणजे गंज धरू नये म्हणून नळी मसाल्यात बुडवून निळा थर द्यायचा होता. निळाईचं एक असतं. घासताना राहिलेला केसाएवढा ओरखडाही ती झाकत नाही, उलट चारचौघांत दाखवते. आणि तेलकट बोट लागलं, तर तिथं ती धरतच नाही. म्हणून जैनबीनं चुन्यानं नळीचं तेल काढलं आणि ती स्वच्छ फडक्यात धरून आणली.

दारोगा नुकताच तुपातल्या पुरणपोळ्या हाणून आला होता. "बघू तरी," म्हणत त्यानं नळीवर अंगठा दाबला.

"सायेब, हात नगा लावू! द्या, परत चुना लावती."

"नखरे पुरे," म्हणत त्यानं नळी तशीच मसाल्याला दिली.

नळी मोराच्या गळ्यासारखी निळी होऊन आली. मधोमध मात्र पांढुरका डाग! दारोगा आनंदानं ओरडला आणि नळी घेऊन थेट राजेसाहेबांपुढं गेला; मागोमाग जैनबीही गेली. जैनबीला असा संताप आला, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"सरकार," ती राजेसाहेबांना म्हणाली, "ह्या डागाशेजारी दारोगासायबांचा अंगठा धरा. माझं येवढंच मागणं हाय."

अंगठा धरला. अंगठ्यावर जुन्या जखमेची आडवी रेघ होती आणि डागातही तीच रेघ. असं म्हणतात, की राजेसाहेब इतके हसले की डोक्यावरचा मंदील खाली पडला.

"दारोगा, जागा बाईंचीच. आता ही नळी तुम्ही घासायची. बाईंचं मन भरेपर्यंत."

दारोगा एकवीस दिवस घासत होता. हाताला फोड आले, पण काम शिकला. पुढं तोच तिला उस्ताद म्हणू लागला.

आज संस्थान नाही, सिलेखानाही नाही. पण तांबखडीत खंडेनवमीला विळे, फाळ, शिंप्याच्या कात्र्या, हल्ली ट्रॅक्टरसुद्धा घासूनपुसून मांडतात, आणि सगळं गाव हात पाठीमागे बांधून बघायला येतं. ज्याचं बोट लागेल त्यानं ती वस्तू पुन्हा घासायची. मागच्या साली खुद्द सरपंच सापडले. दुपार टळली तरी बिचारे फाळ घासत होते आणि गावातल्या बाया भोवती उभ्या राहून बघत होत्या.

"भरलं का गं मन, बायांनो?" त्यांनी विचारलं.

"आमचं कवाच भरलं," बाया म्हणाल्या, "जैनबीचं मन भरलं न्हाई अजून. घासा!"