येसबा आणि उजेडाची पेटी

सांगितलेला शब्द न् शब्द ऐकणारा नवरा असावा, असं तुम्हाला वाटतं का? वाटत असेल तर आधी हे ऐका.

एका गावात येसबा वाघमोडे नावाचा एक भोळा घोंगडीवाला होता. त्याची बायको भागीरथी शहाणी होती. पण एका वर्षी तिच्या उजव्या हाताची कातडी कडक होऊ लागली. आधी चकाकली, मग ताठरली. बोटं मिटेनात. लोकर धरता येईना, भाकरीचा तुकडा मोडता येईना. बिचारी डाव्या हातात चमचा धरून जेवायची.

जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आमच्याकडे उजेडाची पेटी आहे. तिच्यात हात ठेवला की कातडी हळूहळू मऊ पडेल. आठवड्यातून तीनदा, अशा तीस फेऱ्या. एकही फेरी चुकवायची नाही."

येसबाने मान डोलावली. मान डोलावण्यात तो हुशार होता.

पहिल्याच दिवशी नर्सबाईंनी बजावलं, की हाताला तेल लावून यायचं नाही. आधी उजेड, मग तेल.

त्या संध्याकाळी येसबा देवापुढे दिवा लावायला बसला. त्याने कोरडी वात पेटवली आणि पेटल्यावर वरून तेल ओतलं. वात विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा ओतलं. काड्या संपल्या, तेलही संपलं. देव अंधारातच राहिले.

"अहो, ते हातासाठी होतं," भागीरथी म्हणाली. "हाताला सांगितलेलं हातालाच करावं."

"बरं," येसबा म्हणाला.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की एकदम जास्त उजेड दिला तर कातडी भाजते. म्हणून आधी एक मिनिट, मग दोन, मग तीन, असं वाढवत न्यायचं.

भागीरथीचा हात असा, म्हणून स्वयंपाक येसबाकडे आला होता. त्याने विचार केला, भाकरी तर हातावरच थापतात. म्हणजे ती हाताचीच. सोमवारी त्याने भाकरी तव्यावर टाकली, एका मिनिटात उतरवली आणि फडताळात ठेवून दिली. मंगळवारी तीच भाकरी दोन मिनिटं. बुधवारी तीन. भागीरथी तीन दिवस चुरमुऱ्यांवर होती. शेवटी तिने विचारलं, भाकरी मिळायची तरी कधी?

"शनिवारी," येसबा म्हणाला. "घाई केली तर भाजेल."

भागीरथीने कपाळावर हात मारून घेतला. मग तिने त्याला शांतपणे समजावलं, की भाकरी पहिल्याच दिवशी पूर्ण भाजायची असते. उद्यावर काही ठेवायचं नसतं.

"असं आधी सांगायचं," येसबा म्हणाला.

दिवस गेले. हात खरंच मऊ पडू लागला. बाविसाव्या फेरीनंतर बोटं अर्धी मिटली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता खंड पडू देऊ नका, नाहीतर केलेलं वाया जाईल.

तेविसाव्या फेरीच्या दिवशी नेमका लोकरवाला दारात आला. भागीरथीने येसबाला पुढे पाठवलं. पहिल्या एसटीने जाऊन नंबर धरा, मी मागच्या एसटीने येते, काही झालं तरी फेरी चुकू देऊ नका, असं तिने तीनदा सांगितलं. येसबाने तीनदा मान डोलावली.

मागची एसटी वाटेत पंक्चर झाली. इकडे नंबर आला. नर्सबाई नव्या होत्या. त्यांनी कागद पाहून विचारलं, "वाघमोडे? उजवा हात?"

"हो," येसबा म्हणाला. त्यालाही उजवा हात होताच.

"आज वीस मिनिटं आहेत."

"पूर्ण द्या. उद्यावर काही ठेवायचं नाही."

येसबाने बाही दुमडली, काळा चष्मा लावला आणि हात पेटीत ठेवला.

विसावं मिनिट संपलं आणि भागीरथी धापा टाकत आली.

"अहो, हे काय केलंत?"

"तुझी फेरी चुकू दिली नाही," येसबा म्हणाला. "पूर्ण घेतली. तू आता निवांत चहा पी."

डॉक्टरीणबाईंनी आधी येसबाच्या हाताला मलम लावलं, मग भागीरथीची फेरी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसबाचा उजवा हात टोमॅटोसारखा लाल होऊन सुजला होता, म्हणून भागीरथीने आपल्या उजव्या हाताची बोटं मिटवून भाकरीचा तुकडा मोडला आणि त्याला घास भरवला.