सूट मिळाली की मिळाला?

सांगलीतल्या एका वाचनालयाचं छप्पर गळत होतं आणि दुरुस्तीचा निधी आमदार भास्करराव जहागीरदारांच्या मर्जीवर अडला होता. म्हणून त्यांना व्याख्यानाला बोलावलं. भास्करराव भर मे महिन्यात नवाकोरा सूट चढवून आले आणि तासभर नव्या आयकर रचनेचे गोडवे गात राहिले. घाम पुसून रुमाल कोटाच्या खिशात ठेवायला जात, पण हात काही आत शिरेना. शिंप्याने घातलेले टाके उसवायचेच राहिले होते!

शेवटी ते गरजले, "मध्यमवर्गाला एवढी सूट आजवर कुणी दिली होती? आहे कुणाची तक्रार?"

वाचनालयाच्या चिटणीसांनी डोळे वटारून सगळ्यांना गप्प बसवलं. तरी कारंडेबाई उठल्याच. त्यांच्या घरात पगार एक आणि खाणारी तोंडं पाच.

"साहेब, आम्हाला सूट मिळाली नाही. सूट मिळाला."

"म्हणजे?"

"म्हणजे हुबेहूब तुमच्यासारखा! कराचे दर उतरले, अंगावर झकास दिसतंय. पण विमा, पीएफ, मुलांची फी यांवरच्या वजावटी हेच आमचे खिसे होते. चार पैसे तिथेच राहायचे. ते तेवढे शिवून टाकलेत!"

सभागृह खो खो हसलं. चिटणीसांनी कपाळाला हात लावला. भास्करराव हातातल्या रुमालाकडे बघत राहिले आणि मग स्वतःच हसू लागले.

"छप्पर मंजूर! पण बाई, आधी एक कात्री द्या."

"आहे की पर्समध्ये," बाई म्हणाल्या. "रोज घरखर्चाला लावते, तीच!"