बर्फाचा लाडू

“पण जायला हरकत काय आहे, महाराज? आकाश तर लख्ख निळं आहे!”

उदयनने पाठीवर पिशवी अडकवली होती. भर हिवाळ्यात अकरा खिंडी ओलांडलेला गडी, आणि बारावी समोर दिसत होती. तीन दिवसांचं हिमवादळ त्या पहाटेच थांबलं होतं.

विमलगिरी महाराज मूळचे चिपळूणकडचे. हिमालयात चाळीस वर्षं काढली, तरी कुणी मराठी माणूस आश्रमात आला की त्यांचा चेहरा खुलायचा. आज मात्र खुलला नाही.

“निळं आहे खरं,” ते म्हणाले. “एक लाडू वळ, मग जा.”

“लाडू?”

“बर्फाचा.”

उदयनला हसू आलं. म्हातारबुवांची लहर! त्याने दारातला ओंजळभर बर्फ उचलला. उन्हाने तो ओलसर झाला होता. लाडू झकास वळला.

“घ्या! आमच्या आईच्या हातचासुद्धा इतका घट्ट नसायचा.”

महाराजांनी लाडू तळहातावर घेतला. बराच वेळ बघत राहिले. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

“आता खण,” ते म्हणाले. “तळचा घे.”

उदयनने आश्रमामागे कमरेइतकं खणलं. तळचा बर्फ पाक न घातलेल्या रव्यासारखा मोकळा होता. त्याने मूठ आवळली. भुगा. पुन्हा आवळली... भुगाच.

त्याने मान वर करून खिंडीकडे पाहिलं. तो सगळा पांढरा उतार या रव्यावर उभा होता, कधीही घसरून खाली येईल असा.

“ही युक्ती तुम्हाला कुणी शिकवली?”

“माझ्या गुरुबंधूने. केशवगिरी. हलवायाचा मुलगा. खिंड चढण्याआधी दर वेळी तळचा बर्फ काढून लाडू वळायचा. वळला नाही की आम्ही चुलीशी बसून घरच्या बेसनलाडवांच्या गोष्टी करायचो. काय दिवस होते रे ते...”

“आता कुठे असतात ते?”

महाराजांनी खिंडीकडे बोट केलं.

उदयनने पिशवी हळूच खाली ठेवली.

“त्या दिवशी त्यांनी लाडू वळला नव्हता?”

“सामान बांधत होता. मला म्हणाला, आज तू वळून आण...”

“मग?”

महाराजांच्या हातात उदयनचा पहिला, दारातल्या बर्फाचा लाडू अजून तसाच होता.

“आणला की. अगदी अस्साच, घट्ट वळला होता.”