बारावं बेट

अकरा बेटांच्या एका राज्यात विसोपंत नावाचे दिवाण होते. शेजारच्या राजाची बेटं बारा, हे त्यांना फार सलायचं. शोधता शोधता त्यांना भर समुद्रात एक खडक सापडला. ओहोटीला तो म्हशीच्या पाठीएवढा वर यायचा आणि भरतीला बुडायचा. पण कोळ्यांचं पोट चालायचं ते त्याच्याच भोवतीच्या मासळीवर.

गलबत खडकाला लागेना, म्हणून धाकूबाय कोळणीने पंतांना आपल्या होडीतून नेऊन तिथे उतरवलं. खडकाच्या फटीत झेंडा रोवून, पोट पुढे काढून पंतांनी हुकूम वाचला, "हे आमचं बारावं बेट. या घटकेपासून याच्या चार कोसांत कोळ्यांची होडी दिसता कामा नये."

धाकूबायने मान डोलावली आणि वल्ही उचलली.

"अगं, निघालीस कुठे?"

"चार कोस लांब. हुकूम या घटकेपासूनचा आहे ना, पंत?"

पंत आधी खेकसले, मग विनवू लागले. धाकूबाय सावकाश वल्हवत राहिली. तोवर पाणी पंतांच्या घोट्यावरून कमरेला आलं.

"बये, परत फीर. बेट कसलं हे, साधा खडक आहे."

"गलबतावर ऐकू जाईल असं म्हणा."

पंत बेंबीच्या देठापासून ओरडले. धाकूबायने होडी वळवली आणि त्यांना काखेत धरून आत ओढलं.

"आणि माझा झेंडा?" कुडकुडत पंतांनी विचारलं.

"राहू दे की. जाळं बांधायला आम्हाला एक खुंटा हवाच होता."