नळीतली मोकळी जागा

एके वर्षी ऐन पौषात एक वृद्ध आचार्य आपली कॅम्पर गाडी घेऊन हिमालयातल्या एका उंच खोऱ्यात मुक्कामाला गेले. गाडी म्हणजे चाकांवरचे लहानसे घरच होते. आत दोन बिछाने, एक शेगडी, बिछान्याखाली पाण्याची टाकी आणि तिच्यापासून नळापर्यंत गाडीच्या तळाखालून नेलेली नळी.

सोबत त्यांचा एक जुना शिष्य होता, पन्नाशी उलटलेला. वर्षापूर्वी त्याची पत्नी वारली, आणि तेव्हापासून त्याने स्वतःला क्षणाची उसंत दिली नव्हती. घरी दुकान होते, मंडळाची कामे होती, शेजाऱ्यांच्या अडीअडचणी होत्या. इथे आल्यावरही तो भांडी घाशी, काचा पुशी, पुसलेल्या काचा पुन्हा पुशी. आचार्य ते बघत असत.

दुपारी त्याने ओढ्यावरून पाणी आणून टाकी भरली. बर्फावरून पाय घसरत होते, बोटे बधिर झाली होती. ऊन उतरले तसे आचार्य उठले. त्यांनी टाकीची तोटी बंद केली, नळ उघडा ठेवला आणि नळीचे गाडीखालचे बूच काढले. नळीतले सगळे पाणी भळाभळा जमिनीवर सांडून गेले.

"गुरुजी, हे काय केलंत? एवढ्या कष्टानं आणलेलं पाणी."

"आज कडाका पडेल. नळी मोकळी असलेली बरी."

"मी वरून कांबळं गुंडाळतो ना."

"गुंडाळ हवं तर. पण भरून ठेवू नकोस."

शिष्याला हे पटले नाही. सकाळी उठल्याबरोबर नळाला पाणी यावे आणि आपण कामाला लागावे, एवढेच त्याला हवे होते. रिकाम्या सकाळची त्याला धास्ती वाटे. आचार्य सायंकाळच्या ध्यानाला बसले, तेव्हा त्याने गुपचूप बूच लावले, तोटी उघडली, पाणी येताच नळ घट्ट आवळला, आणि भरल्या नळीवर आपले जाड कांबळे गुंडाळले.

सकाळी नळ सोडला तर थेंबही आला नाही. तो गाडीखाली शिरला. कांबळे उलगडले, तर नळीला हातभर उभी चीर पडलेली, आणि चिरेतून पांढरा बर्फ डोकावत होता.

आचार्य बाहेर पायरीवर बसले होते. त्यांच्यापुढे तो मान खाली घालून उभा राहिला.

"गुरुजी, मी तुमचं ऐकलं नाही. नळी फुटली. हत्यारं आणतो, आत्ता जोडून टाकतो."

"तोटी बंद कर, आणि ये. बस जरा."

तोटी बंद करून तो येऊन बसला. "एवढं कांबळं गुंडाळलं, तरी थंडीनं फोडलीच."

"थंडीनं नाही फोडली," आचार्य म्हणाले. "पाणी गोठताना फुगतं, त्याला थोडी जास्त जागा लागते. नळी काठोकाठ भरलेली, टाकीकडच्या बाजूला आधीच बर्फाचा बोळा बसलेला, वरून नळ आवळलेला. त्यानं जावं कुठं? वर्षभर बघतोय, तू तुझे दिवस असेच भरतोस. तुला वाटतं, जागाच उरली नाही म्हणजे दुःख आत शिरणार नाही. अरे, ते आतच आहे. त्याला फक्त हलायला जागा नाही."

शिष्याच्या हातांना काही काम नव्हते, ते नुसतेच गुडघ्यांवर पडून होते.

"रिकामा बसलो की ती आठवते," तो हळूच म्हणाला.

"आठवू दे की."

समोरच्या उतारावर कोवळे ऊन पसरत होते.

"शालनला बर्फ पाहायचा होता," शिष्य म्हणाला. पत्नीचे नाव वर्षभरात प्रथमच त्याच्या तोंडी आले होते. "दर हिवाळ्यात म्हणायची, यंदा जाऊ या. मी म्हणायचो, दुकान कोण बघणार?"

आचार्यांनी विचारले, "इथे आली असती, तर काय केलं असतं तिनं?"

त्याने खरोखरच विचार केला. "आधी चपला काढून बर्फात उभी राहिली असती. मग पाय गारठले म्हणून माझ्यावरच चिडली असती."

त्याला हसू आले, आणि हसता हसता डोळे भरून वाहू लागले. त्याने ते पुसले नाहीत.

नळी त्या दिवशी जोडायची राहिली. ऊन कलेपर्यंत तो पायरीवर बसून शालनविषयी बोलत होता, आणि आचार्य ऐकत होते.