कडू घासाची चूल

फार वर्षांपूर्वी, अगदी तुमच्या-माझ्या पणजोबांचीही दाढ उगवली नव्हती तेव्हा, हिवरटेक गावात ठकूबाई नावाची एक विधवा राहत होती. आज त्या गावच्या वेशीत कडुनिंबाखाली चुलीसारखे मांडलेले तीन काळे दगड आहेत आणि येणारा-जाणारा तिथं चपला काढतो. पण ठकूबाई काही देवी नव्हती. लोकांच्या रानात खुरपायला जाणारी बाई होती ती, आणि येसू नावाचा तिला एकच मुलगा होता.

तेव्हा गोऱ्या सरकारची समुद्रापार कुठंतरी लढाई जुंपली होती. सरकारला माणसं हवी होती आणि गावच्या बाबाजीराव पाटलाला सरकारकडून मानाची तलवार हवी होती. दोघांचं चांगलं जमलं. पाटलानं गावातली धडधाकट पोरं हेरली आणि लढाईवर धाडली. त्यात येसूही गेला.

मग तार आली, येसू लढाईत पडला. देह आला नाही, मूठभर राखसुद्धा आली नाही.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भाकरी घेऊन येतात, कडुनिंबाचं पान चावायला देतात आणि मग आपल्या हातानं भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. तो पोटात गेला की त्या घरानं पुन्हा चूल पेटवायची. ठकूबाई चूल सारवून उंबऱ्यात बसली आणि गावाची वाट बघू लागली.

पण पाटलाला वेगळाच घोर लागला. एका घरी रडारड झाली तर बाकीच्या आया पोरं सोडतील कशाला? मग तलवार राहिली बाजूला! त्यानं दवंडी पिटवली की येसू वीर झाला आहे, तेव्हा कुणी सुतक पाळायचं नाही, कुणी त्या घरी कडू घास न्यायचा नाही. उलट त्यानं घरोघर साखर वाटली. पहिली मूठ ठकूबाईच्या पदरात घातली.

ठकूबाई म्हणाली, "पाटील, माजं पोर ग्येलं. मला साकर नगं, गावाचा कडू घास द्या."

"ठकूबाई, शिपाई काय मरतो व्हय? त्यो अमर झाला!"

"अमर झाला, तर मग घरी का न्हाई आला?"

पाटील साखर घेऊन पुढच्या दारी गेला. ती साखर सगळ्यांनी खाल्ली, हे सांगायला लाज वाटते, पण खाल्ली.

ठकूबाईनं पदर झटकला. तिनं चूल पेटवली नाही आणि कुणाच्या दारी भाकरीही मागितली नाही. वेशीतल्या कडुनिंबाखाली जाऊन बसली आणि नुसता पाला चावून राहिली, असं म्हणतात. आणि असंही म्हणतात की त्या दिवसापासून गावातलं गोड सगळं कडू झालं. उसाचा रस कडू, गूळ कडू, बारशाची खीर कडू. तान्ही पोरं दूध थुंकून टाकू लागली. लोकांनी विहीर उपसली, देवीला नवस बोलले. ठकूबाईकडं एक भाकरी न्यावी हे मात्र कुणाला सुचलं नाही, किंवा सुचलं असेल तरी पाटलापुढं धीर झाला नाही.

पुढं गोऱ्या साहेबापुढं छाती फुगवायला पाटलानं आपला थोरला मुलगाही लढाईवर पाठवला. आणि एक दिवस त्याचीही तार आली.

आता पाटील काय करणार? दवंडी त्याचीच होती. त्यानं स्वतः साखर वाटली. वाड्यात पाटलीणबाई विझलेल्या चुलीपुढं बसून राहिली आणि तिच्याकडं घास घेऊन एक माणूस गेलं नाही. पाटलानंच गावाला शिकवलं होतं, गाव ते नीट शिकलं होतं.

तेव्हा ठकूबाई उठली. तिनं वेशीत तीन दगड मांडले, वाळकी पानं सारली आणि फुंकर घातली. इतके दिवस पोटात कोंडलेला जाळच बाहेर आला, असं म्हणतात. तिनं घरातलं उरलेलं पीठ आणून एक भाकरी थापली, पाल्याची डहाळी घेतली आणि सरळ वाड्यात गेली. पाटलीणबाईला पान चावायला दिलं, घास भरवला आणि म्हणाली, "रड, बाई. तुजं पोर ग्येलंय."

ते रडणं शिवारापलीकडं ऐकू गेलं. पाटील सोप्यावर हातात साखरेचं ताट धरून उभा होता. ते ताट त्याच्या हातून पडलं आणि एकालाही ते उचलावंसं वाटलं नाही.

मग गावाला जाग आली. घराघरांतून बाया भाकऱ्या घेऊन ठकूबाईला शोधत वेशीकडं धावल्या. ठकूबाई कडुनिंबाला टेकून बसली होती. तिचा जीव गेला होता. सगळ्या गावाच्या भाकऱ्या तिच्यापुढं होत्या आणि ती उपाशी गेली होती. चुलीचे दगड तेवढे गरम होते.

गुळाची गोडी पुढं परत आली, पण आजही हिवरटेकात ठकूबाई गेली त्या तिथीला कुणाच्या घरी गोडधोड होत नाही. शिपायांची नावं चौकातल्या संगमरवरावर आहेत, तिथं हार पडतात. वेशीत मात्र त्यांच्या घरच्यांना बसवतात आणि सारा गाव त्यांना आपल्या हातानं भरवतो. आलेल्या पाहुण्यांनाही आधी पाला चावावा लागतो. एकदा एक पुढारी पेढे आणि भाषण घेऊन आला होता. पाला तोंडात गेल्यावर तो भाषण विसरला.

गावातली पोरं अजूनही फौजेत जातात. दूर कुठं एखादं पडलं की तार-फोन यायच्या आधी ते तीन दगड तापतात, असं म्हणतात. म्हणून ज्यांची मुलं सरहद्दीवर आहेत त्या आया रोज सकाळी वेशीत येतात आणि दगडांना हात लावून बघतात. दगड गार लागले की घरी जाऊन चूल पेटवतात.