अकरावी पायरी

सोनतळ्याच्या राजे मणिधरांना विद्यापीठ हवं होतं, पण ज्याची इमारतच शिकवील असं. गुरुजी नेमले की त्यांचं ऐकून घ्यावं लागतं, आणि ऐकून घ्यायची महाराजांना सवय नव्हती. अट साधी होती. इमारत झाली की महाराज स्वतः आत जाणार आणि एक तरी नवी गोष्ट शिकून बाहेर येणार. नाही शिकले, तर गवंड्याची थापी आणि ओळंबा सरकारजमा, गवंडी हद्दपार.

दोघे आधीच हद्दपार झाले होते. एकाने छतावर सगळी नक्षत्रं जागच्या जागी कोरली. महाराज मान वर करून म्हणाले, "ठाऊक होतं." दुसऱ्याने सावलीवरून वेळ सांगणारा चौक बांधला. "हेही ठाऊक होतं." शेजारी उभ्या राजपंडित वाचस्पतिशास्त्र्यांनी भर घातली, "महाराजांना तर पाळण्यातच ठाऊक होतं." शास्त्रीबुवांची नेमणूकच त्या कामावर होती.

तिसरी पाळी रखमाजी गवंड्याची. तीस वर्षं याच गावात घरं बांधलेला माणूस, म्हातारपणी जाणार कुठे?

चुना कालवणारी त्याची लेक येसू म्हणाली, "आबा, जिना मी बांधते. तुम्ही तेवढे बघायला येऊ नका."

रखमाजी अर्थातच बघायला गेला. "अगं, अकरावी पायरी चार बोटं उंच झालीय! गवंड्याच्या लेकीने असा जिना बांधायचा? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू द्या. गाव तर सुटणार नाही."

ठरल्या दिवशी महाराज ताठ मानेने जिना चढू लागले. अकराव्या पायरीला पाय अडला, महाराज गुडघ्यांवर आले आणि पगडी गडगडत खाली गेली. शास्त्रीबुवांना पाळण्याचं काही सुचेना.

"कुणी बांधला हा जिना?"

"मी, महाराज," खालून येसू म्हणाली. "आधी वरचं बघून घ्या, मग शिक्षा द्या."

वर नुसत्या कोऱ्या भिंती होत्या. महाराज तणतणत उतरू लागले. अकराव्या पायरीशी त्यांची बडबड थांबली. त्यांनी भिंत धरली, पायाने चाचपलं, मग खाली आले.

"आम्ही काहीही शिकलो नाही. रखमाजी, थापी खाली ठेव."

रखमाजीने मान खाली घातली. येसूने नाही घातली.

"मग महाराज, उतरताना त्या एकाच पायरीशी भिंत का धरलीत?"

"ती उंच आहे, हे आम्हाला ठाऊक होतं."

"चढतानासुद्धा?"

महाराजांनी तोंड उघडलं. हो म्हणावं, तर मुद्दाम आपटलो असं होतं. त्यांनी शास्त्रीबुवांकडे पाहिलं. शास्त्रीबुवा कोऱ्या छतात नक्षत्रं शोधत होते.

"पाय पहिल्या दोन पायऱ्यांचं माप घेतो आणि पुढे त्याच मापावर चालतो," येसू म्हणाली. "इथे एकदा आपटलेला विद्यार्थी जन्मात लहानमोठ्या पायऱ्या बांधणार नाही. महाराज तर चढून उतरेपर्यंतच शिकले."

गुडघा चोळता चोळता महाराजांना हसू फुटलं, ते थांबेचना. रखमाजीला विद्यापीठाचं उरलेलं सगळं बांधकाम मिळालं. बांधकाम शिकवायला येसूची नेमणूक झाली, आणि शास्त्रीबुवांना रोज सकाळी सर्वांच्या आधी तो जिना चढायचा हुकूम झाला.

जाता जाता महाराज हळूच म्हणाले, "आणि त्या दोघा गवंड्यांना परत बोलवा. ते सावलीचं काही आम्हाला नीट कळलं नव्हतं."